पन्नास रुपयांचा कायदा आणि हिवाळी अधिवेशन

गाडी ओढणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली काही नियम केले. त्यांतल्या एका नियमाप्रमाणे, ज्या भागात तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात कोणत्याही जनावराला गाडीला जुंपता येत नाही आणि त्याच्या पाठीवर ओझेही लादता येत नाही. एरवीसुद्धा दिवसभरात एकूण नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम त्याच्याकडून घेण्यास मनाई आहे. या नियमाचा अर्थ नागपूरकरांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मार्चच्या अखेरीपासून मृगाचा पाऊस येईपर्यंत आपल्याकडे दुपारचा पारा ३७च्या खाली क्वचितच राहतो. २३ मे २०१३ रोजी तर या शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. म्हणजे जवळजवळ अडीच महिने, रोज दुपारी तीन तास, जिल्ह्यातल्या प्रत्येक बैलबंडीच्या बैलाला आणि वीटभट्टीवरच्या प्रत्येक गाढवाला कायद्यानेच सुटी दिलेली आहे. ही सुटी त्यांना मिळत नाही. ती मिळत नाही म्हणून कोणाला जाब विचारला गेल्याचेही सहसा ऐकू येत नाही, कारण असा काही नियम आहे हे बंडीवाल्याला माहीत नाही, चौकातल्या शिपायाला माहीत नाही आणि ज्या सुशिक्षित नागरिकांना बैलांची दया येते त्यांनाही बहुधा माहीत नाही.

नियम माहीत नसणे ही लोकांची चूक म्हणून सोडून देता येईल, पण दोषाचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे. हे नियम ज्या कायद्याखाली केले गेले तो प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा होय. त्याच्या ११व्या कलमात क्रूरतेचे बहुतेक सर्व प्रकार एकत्र आले आहेत: मारहाण, अतिश्रम, उपासमार, आखूड साखळीने सतत बांधून ठेवणे, जखमी किंवा म्हाताऱ्या जनावराला कामाला जुंपणे, आजारी जनावर रस्त्यावर मरायला सोडून देणे. या सर्वांना पहिल्या गुन्ह्यासाठी सांगितलेली शिक्षा म्हणजे कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. हे आकडे कित्येक दशके जुने आहेत आणि तेव्हापासून त्यांना कोणी हात लावलेला नाही.

दंडाची रक्कम हास्यास्पद आहे हे सगळेच म्हणतात, आणि ते खरे आहे. परंतु त्याहून मोठा अनर्थ त्याच कायद्याच्या ३१व्या कलमाने केला आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. जनावरांच्या झुंजी लावणे, विषारी इंजेक्शनासारख्या क्रूर रीतीने जनावर मारणे, दुधासाठी गाई-म्हशींवर फुंक्याचा (जननमार्गात हवा फुंकून पान्हा सोडवण्याचा) किंवा इंजेक्शनाचा प्रयोग करणे असे मोजकेच गुन्हे त्या कलमाने दखलपात्र ठरवले. बाकी सगळे अदखलपात्र राहिले. बैलाला तुतारीने (अणकुचीदार काठीने) टोचून रक्तबंबाळ करणारा माणूस समोर दिसत असला तरी पोलीस शिपायाला न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. तक्रारदाराला एक पावती मिळते आणि प्रकरण तेथेच थांबते. त्यातही गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला उभा राहिला नाही तर पुढे तो भरताच येत नाही, असे ३६वे कलम सांगते. ज्या गुन्ह्याचा साक्षीदार बोलू शकत नाही आणि ज्याची जखम तीन आठवड्यांत भरून येते किंवा जनावरासकट नाहीशी होते, त्या गुन्ह्यासाठी याहून निरुपयोगी चौकट शोधून सापडणे कठीण आहे.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या ३२५व्या कलमानुसार कोणत्याही प्राण्याला ठार मारणे, विष घालणे, पंगू किंवा निकामी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या संहितेत प्राण्याची किंमत १० रुपये आहे की ५० रुपये यावर शिक्षा ठरत असे, ती लाजिरवाणी अट नव्या संहितेने काढली हे चांगलेच झाले. मात्र दोन कायदे शेजारी ठेवले की जे चित्र दिसते ते विचार करायला लावणारे आहे. जनावर मेले किंवा जन्माचे लंगडे झाले तर पाच वर्षे. ते मरेपर्यंत रोज जे सोसते त्याला ५० रुपये. आपला कायदा पंचनाम्याच्या वेळी कडक होतो आणि वाचवण्याच्या वेळी हात बांधून उभा असतो. माझे म्हणणे एवढेच आहे की प्राण्यांसाठी करायचा कायदा जनावर जिवंत असताना त्याच्याजवळ पोहोचला पाहिजे, आणि असा कायदा करण्यासाठी महाराष्ट्राला दिल्लीकडे पाहत बसण्याची गरज नाही.

दिल्लीकडे पाहण्यात आपली बरीच वर्षे गेली आहेत. मुळात १९६०चा कायदा झाला तोच एका खासदाराच्या चिकाटीमुळे. राज्यसभेच्या नामनिर्देशित सदस्य असलेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या विषयावर खासगी विधेयक मांडले, पंतप्रधान नेहरूंनी सरकार स्वतः कायदा करील असे आश्वासन दिल्यावर ते मागे घेतले आणि पुढे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्या काळाच्या मानाने तो कायदा पुढारलेला होता. ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याच्यावर त्याच्या सुस्थितीची जबाबदारी आहे, असे तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. फक्त ती जबाबदारी टाळली तर काय, याचे उत्तर त्या कलमात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालात या तिसऱ्या आणि अकराव्या कलमांत प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आशय वाचला: भूक-तहान, अस्वस्थता, वेदना आणि भीती यांपासून मुक्तता, आणि स्वभावधर्माप्रमाणे वागण्याची मुभा. त्याच निकालात संसदेने शिक्षा वाढवाव्यात अशी अपेक्षाही व्यक्त केली. त्यानंतर आठ वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, केंद्राने दुरुस्तीचा एक मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध केला. अमानुष क्रूरतेसाठी किमान ५० हजार रुपये दंड किंवा एक ते तीन वर्षे कैद अशी त्यात तरतूद होती. तो मसुदा अजून मसुदाच आहे.

प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत १७व्या क्रमांकावर आहे. विधिमंडळाने दुरुस्ती संमत केली आणि तिला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली की ती त्या राज्यात केंद्रीय कायद्याच्या वर चालते. ही वाट महाराष्ट्राला ठाऊक आहे, कारण तो तिच्यावरून एकदा चाललेला आहे. ज्या शर्यतींना पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत आणि आपल्या विदर्भात शंकरपट म्हणतात, त्या २०१४ च्या निकालाने बंद झाल्या. त्या पुन्हा सुरू करण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये याच केंद्रीय कायद्यात दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची मान्यता मिळवली, उच्च न्यायालयाच्या स्थगितीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळवली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडून ती दुरुस्ती वैध ठरवून घेतली. शर्यती असाव्यात की नसाव्यात यावर माझे मत प्रतिकूल आहे, पण तो आजचा मुद्दा नाही. मुद्दा असा की त्याच दुरुस्तीत शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा महाराष्ट्राने स्वतः लिहिली आहे. म्हणजे पटावर बैलाला अटी मोडून पळवले तर पाच लाख, आणि तोच बैल पट संपल्यावर घरी नेऊन उपाशी बांधला तर ५० रुपये. एकाच राज्यात, एकाच कायद्यात, एकाच बैलासाठी हे दोन दर लागू आहेत. विधिमंडळाला जनावराच्या वेदनेची किंमत आजच्या काळाप्रमाणे ठरवता येते, हे पहिल्या दराने सिद्ध होते.

दुसरा आकडा याहून बोलका आहे. राज्य मंत्रिमंडळाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले आणि त्याच वेळी गोशाळांतील देशी गाईंसाठी दर दिवशी दर गाईमागे ५० रुपये अनुदान देण्याचे ठरवले. एका गाईच्या एका दिवसाच्या पोटाचा हिशेब शासनाने स्वतः असा मांडला. आता कोणी आपल्या गाईला महिनाभर अन्नाविना बांधून ठेवले, तर कायद्याने त्याला पहिल्या गुन्ह्याबद्दल होणारा सर्वांत मोठा दंड तिच्या एका दिवसाच्या चाऱ्याइतका आहे. शासनाने दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत, ही विनंती मी मनापासून करतो.

गोवंशाचा विषय निघाला की चर्चा लगेच हत्याबंदीकडे वळते, म्हणून त्याबद्दल स्पष्टपणे लिहिले पाहिजे. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे आणि ती मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही बंदी योग्य की अयोग्य याबद्दल लोकांत तीव्र मतभेद आहेत आणि ते राहतील. पण बंदीच्या समर्थकांनीही एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्या शासनाने म्हाताऱ्या बैलाचे आयुष्य कायद्याने लांबवले, त्या शासनावर त्या लांबलेल्या आयुष्याची जबाबदारी येते. वर्धा-नागपूर पट्ट्यातला गवळाऊ बैल उतरतीला लागला की कोरडवाहू शेतकऱ्याला तो पोसणे जड जाते, विकता येत नाही आणि सोडून दिला तर तो महामार्गावर नाही तर कचऱ्याच्या ढिगावर सापडतो. मरणाची वाट बंद केली आणि जगण्याची सोय केली नाही, तर त्याला प्राणी कल्याण म्हणता येणार नाही.

येथेच शिक्षा वाढवण्याला असलेल्या सर्वांत गंभीर आक्षेपाकडे यावे लागते. तो शेतकऱ्याचा, बंडीवाल्याचा, शेळ्या-म्हशींच्या छोट्या व्यापाऱ्याचा आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. दंड ५० हजारांचा झाला की तो भरण्याऐवजी हजार-दोन हजारांवर रस्त्यातच तडजोड होईल, याची त्यांना भीती वाटते. प्राणिरक्षणाच्या नावाने गाड्या अडवणारी टोळकी अधिक शेफारतील, अशीही भीती आहे. जनावरांची वाहतूक करणाऱ्यांना आजही या दोन्हींचा अनुभव येतो. त्यात जप्त जनावरांच्या देखभालीचा खर्च मालकाकडून घेण्याचे २०१७ चे नियम आहेत. खटला लांबला की हा खर्च जनावराच्या किमतीच्या पुढे जातो आणि निर्दोष सुटलेल्या माणसालाही आपले जनावर परत घेणे परवडत नाही. प्राण्यांवर प्रेम करणाऱ्या शहरी मंडळींनी या बाजूचा विचार केला नाही, तर त्यांच्या मागणीला खेड्यात कधीच पाठिंबा मिळणार नाही.

आणि खेड्यात या मागणीला पाठिंबा मिळू शकतो, असे मला ठामपणे वाटते. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप-लोणी चोळून त्याला ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असे आमंत्रण देणारा समाज जूवाने सोललेला खांदा म्हणजे काय हे कोणत्याही निरीक्षकापेक्षा चांगले जाणतो. जखमी खांद्याच्या बैलाला जुंपणे हा ११व्या कलमाखाली गुन्हा आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो आधीच कमीपणा आहे. जेथे असे घडते तेथे बहुतेक वेळा कारण दुष्टपणाचे नसते. दुसरा बैल नसतो, पेरणी थांबू शकत नसते, दवाखाना दूर असतो. अशा माणसाला तुरुंगात घालून बैलाचा खांदा बरा होणार नाही. भट्टीमालकाची गोष्ट वेगळी आहे. पैसा हाताशी असताना तो भर उन्हात गाढवे राबवतो, कारण त्याला ते स्वस्त पडते. फुंक्याऐवजी आता इंजेक्शनाने म्हशीचा पान्हा सोडवणाऱ्या गोठेवाल्यालाही हेच लागू आहे. या दोन प्रकारच्या माणसांना एकाच तराजूत तोलणारा कायदा, मग तो ५० रुपयांचा असो वा ५० हजारांचा, अन्यायच करील.

इंग्लंड-वेल्सच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यातली एक तरतूद मला या दृष्टीने फार उपयुक्त वाटते. जनावराची आबाळ होत आहे असे दिसले की निरीक्षक मालकाला सुधारणेची नोटीस देतो: काय चुकते आहे, ते किती दिवसांत दुरुस्त करायचे आणि त्यासाठी काय करायचे. मुदतीत सुधारणा झाली तर त्या आबाळीबद्दल खटला होत नाही. तेथे गंभीर क्रूरतेची कमाल शिक्षा २०२१ मध्ये सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर नेली, पण त्या शिक्षेच्या आधी ही पायरी आहे हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात अशी नोटीस देण्याचे काम पोलिसांकडे न देता तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे द्यावे. त्याला जखम कळते, गोठा कळतो आणि औषधाची पेटी त्याच्याजवळ असते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आजच चालू आहे. त्याच क्रमांकावर क्रूरतेची आणि आबाळीची तक्रार नोंदवण्याची सोय केली तर नवीन यंत्रणा उभारण्याची गरजही बरीच कमी होईल. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरात आहे आणि येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचे आहे. नोटिशीचा नमुना काय असावा, उष्म्याचा ताण कसा ओळखावा, जनावर कामाला अयोग्य केव्हा ठरवावे याची शास्त्रीय प्रमाणे याच शहरात ठरू शकतात.

शहराच्या बाबतीत कुत्र्यांचा प्रश्न टाळता येत नाही, कारण नागपुरात प्राणी कल्याण म्हटले की लोकांना तोच आठवतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना रस्त्यावर खायला घालू नये, घालायचे असेल तर त्यांना दत्तक घ्यावे, असा आदेश दिला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या या भागाला स्थगिती दिली. तेव्हापासून खायला घालणारे आणि चावा खाल्लेले अशा दोन गटांत शहर विभागले गेले. वस्तुतः दोघांचेही ज्यात हित आहे ती गोष्ट २००१ पासून नियमांत लिहिलेली आहे आणि २०२३ च्या नियमांनी ती पुन्हा सांगितली आहे: निर्बीजीकरण आणि रेबीजविरोधी लसीकरण, आणि ते करण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची. लहान मुलाचा लचका तुटला तर त्याचे दुःख कोणत्याही प्राणिप्रेमाने झाकता येत नाही, आणि ते झाकण्याचा प्रयत्नही कोणी करू नये. पण महापालिकांना वार्षिक उद्दिष्ट, त्यासाठी राखीव निधी आणि उद्दिष्ट चुकल्यास विधिमंडळापुढे उत्तर देण्याचे बंधन कायद्याने घातल्याशिवाय हा वाद शेजाऱ्या-शेजाऱ्यांतच धुमसत राहील.

माणसांचे प्रश्न सुटले नसताना जनावरांचे कायदे कशाला, असे विचारणारेही आहेत. विदर्भातल्या शेतकऱ्याचे हाल आणि त्याच्या बैलाचे हाल यांचे कारण बहुधा एकच असते, एवढे उत्तर त्यांना पुरे आहे.

राज्याच्या दुरुस्ती विधेयकात काय असावे, हे वरच्या विवेचनातून बरेचसे स्पष्ट झाले आहे. नोटिशीची पायरी, तिच्यासोबत मोफत उपचार आणि गरज असल्यास चाऱ्याची मदत. नोटीस धुडकावणाऱ्याला आणि नफ्यासाठी क्रूरता करणाऱ्याला त्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात दंड. जाणूनबुजून केलेल्या छळासाठी दखलपात्र गुन्हा आणि कैद. खटला भरण्याची तीन महिन्यांची मुदत वाढवून किमान एक वर्ष. पशुवैद्यकाच्या दाखल्याशिवाय जप्ती नाही आणि जप्तीनंतरच्या देखभालीचा खर्च निकाल लागेपर्यंत शासनाकडे. खासगी व्यक्तींनी वाहने अडवून केलेली मारहाण वा खंडणी याच कायद्याखाली दंडनीय ठरवावी, म्हणजे प्राण्यांच्या नावाने माणसांवर होणाऱ्या अत्याचाराला कायद्याचा आडोसा मिळणार नाही. आणखी एका बाबीचा उल्लेख संकोच बाजूला ठेवून करणे भाग आहे. जुन्या दंड संहितेचे ३७७वे कलम नव्या संहितेत आलेच नाही, त्यामुळे प्राण्यांवरील लैंगिक अत्याचारासाठी देशात आज वेगळा, स्पष्ट गुन्हा उरलेला नाही. केंद्राच्या २०२२ च्या मसुद्यात त्याची दखल होती. राज्याने ती आपल्या दुरुस्तीत घ्यावी. प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी हा २००१ चा नियम कागदावरून जिल्हाधिकाऱ्यांच्या नियमित बैठकीपर्यंत यावा. आणि उष्माघात टाळण्यासाठी नागपूर महापालिका २०१६ पासून जो उन्हाळी कृती आराखडा राबवत आहे, त्यात दुपारी १२ ते ३ चा नियम, पाण्याचे हौद आणि सावलीच्या जागा यांचा समावेश करायला तर कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. आयुक्तांचा एक आदेश पुरेसा आहे.

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी या शहरात भरते. विदर्भाचे प्रश्न या अधिवेशनात मांडले जावेत ही त्यामागची अपेक्षा होती, आणि शंकरपटाचा बैल, कोरडवाहू शेतीचा बैल, कन्हान-कामठीच्या वाटेवरची बंडी हे विदर्भाचेच प्रश्न आहेत. राष्ट्रपतींच्या मान्यतेला वेळ लागतो. येत्या डिसेंबरात विधेयक मांडले, मार्चच्या अर्थसंकल्पात पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या रिक्त जागांसाठी आणि मोफत उपचारांसाठी तरतूद केली, तरच पुढच्या उन्हाळ्याआधी नोटिशींचे काम सुरू होऊ शकेल. विधानभवनात बसणाऱ्या विदर्भातील आमदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, हे विधेयक शासन आणत नसेल तर अशासकीय विधेयक म्हणून स्वतः मांडावे.